गल्ल्यामागे उभं राहिलेलं सॉफ्टवेअर

२००९ सालची दिवाळी नुकतीच सरली होती. २२ ऑक्टोबरला अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, स्कॉट्सडेलला, मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या दुकानांच्या साखळीतलं पहिलं दुकान उघडलं. 'विंडोज ७' बाजारात आलं तेही त्याच दिवशी. कंपनीला तेव्हा चौतीस वर्षं झाली होती. जगातल्या बहुतेक कॉम्प्युटरवर तिचंच विंडोज चालत होतं, पण ते वापरणारा माणूस तिच्या दारात क्वचितच आला होता. गिऱ्हाईक भेटायचं ते डेल, एचपी, एसरला; आणि आपल्याकडे लॅमिंग्टन रोडवर कॉम्प्युटर असेम्बल करून देणाऱ्या दुकानदाराला. सॅन फ्रान्सिस्कोत १९९९ साली उघडलेलं एक दुकान दोन वर्षांत बंद झालं होतं. मग कंपनीने पुन्हा हा खटाटोप का केला?

प्रत आणि नग

सॉफ्टवेअरची पहिली प्रत तयार करायला अफाट खर्च येतो. दुसरीला जवळजवळ काहीच लागत नाही. माल साठवायला गोदाम नको, न खपलेल्या मालाची धास्ती नको. चूक सापडली तर दुरुस्ती इंटरनेटवरून घरोघरी पोचते. यंत्राचं तसं नाही. प्रत्येक नगाला सुटे भाग, मजुरी आणि वाहतूक लागते, आणि कारखान्यात झालेली चूक गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन बसते.

मायक्रोसॉफ्टला वस्तू बनवणं नवीन नव्हतं. १९८० मध्ये तिने ॲपल-२ कॉम्प्युटरसाठी 'सॉफ्टकार्ड' आणलं, १९८३ मध्ये माऊस आणला आणि २००१ मध्ये एक्सबॉक्स. पण नगाचा हिशेब किती कडक असतो हे एक्सबॉक्स ३६०ने शिकवलं. ही यंत्रं मोठ्या संख्येने बंद पडू लागली. बटणाभोवती लाल दिवे पेटले की घरातल्या मुलांचा खेळ संपला. २००७ मध्ये कंपनीने या बिघाडासाठी हमीची मुदत तीन वर्षांची केली आणि त्यापोटी शंभर कोटी डॉलरहून अधिक रक्कम बाजूला ठेवली. आयपॉडला टक्कर द्यायला २००६ मध्ये आलेला 'झून' तर पाच वर्षांत थांबला.

दुकानात काय दिसलं

ॲपलने २००१ मध्येच स्वतःची दुकानं थाटली होती, आणि तिथे माणसं वस्तू हाताळून बघत होती. विंडोजच्या नशिबी मात्र इलेक्ट्रॉनिक्सच्या मोठ्या दालनातली, दहा कंपन्यांच्या यंत्रांनी भरलेली एक रांग होती. म्हणून २००९च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने वॉलमार्टमध्ये पंचवीस वर्षं काढलेल्या डेव्हिड पोर्टर यांना दुकानांची जबाबदारी दिली.

या दुकानांतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे 'सिग्नेचर' कॉम्प्युटर. बाहेर विकत घेतलेला नवा लॅपटॉप सुरू केला की चाचणीपुरत्या प्रोग्रॅमांची आणि जाहिरातींची गर्दी समोर यायची. तो भरणा करायचे पैसे यंत्र बनवणाऱ्यांना मिळत, आणि संथ यंत्राचा दोष विंडोजच्या माथी येई. मायक्रोसॉफ्टच्या दुकानात त्याच कंपन्यांची यंत्रं हा सगळा भरणा काढून विकली जाऊ लागली. शिवाय अडलेल्या माणसासाठी 'आन्सर डेस्क' होतं.

भागीदारांच्या ताटात हात

१८ जून २०१२ रोजी लॉस एंजेलिसमध्ये कंपनीने 'सरफेस' जाहीर केलं: पाठीमागे टेकू आणि पुढे कळफलकाचं आवरण असलेला टॅबलेट. ज्यांच्या जिवावर विंडोज घरोघरी गेलं, त्यांच्याच धंद्यात ही उडी होती. याने भागीदारांचा उत्साह कमी होऊ शकतो, हे कंपनीने आपल्या वार्षिक अहवालातही मान्य केलं.

२६ ऑक्टोबरला विक्री सुरू झाली ती 'सरफेस आरटी'ची. दिसायला विंडोज, पण वेगळ्या जातीच्या चिपमुळे त्यावर जुने प्रोग्रॅम चालत नव्हते. अमेरिकेत सुरुवातीला तो कंपनीच्या मोजक्या दुकानांत आणि ऑनलाइनच मिळायचा. माल पडून राहिला. जुलै २०१३ मध्ये किंमत दीडशे डॉलरने उतरवावी लागली आणि तब्बल ९० कोटी डॉलरची तूट हिशेबात घ्यावी लागली.

तरीही कंपनीने सरफेस सोडलं नाही. २०१४च्या 'सरफेस प्रो ३'चा पडदा बारा इंचांचा झाला, टेकू हव्या त्या कोनात थांबू लागला, आणि सगळे जुने प्रोग्रॅम त्यावर चालत होते. त्या वर्षीच्या शेवटच्या तिमाहीत सरफेसची विक्री ११० कोटी डॉलरवर गेली. पुढे इतर कंपन्यांनीही असेच टेकूचे टॅबलेट काढले.

शटर पडलं

२०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर पाच मजली दुकान उभं राहिलं. २०१९ मध्ये लंडनच्या ऑक्सफर्ड सर्कसला. मग मार्च २०२० मध्ये करोनाने सगळी दुकानं बंद केली, आणि २६ जूनला कंपनीने जाहीर केलं की ती पुन्हा उघडणार नाहीत. ४५ कोटी डॉलरचा खर्च सोसून विक्री ऑनलाइन गेली. लंडन, न्यूयॉर्क, सिडनी आणि रेडमंड इथल्या जागा तेवढ्या 'अनुभव केंद्रं' म्हणून राखल्या.

दुकानं गेली, सरफेस टिकलं. पण त्यामुळे दुकानांचा खर्च वाया गेला असं मला वाटत नाही. नव्या लॅपटॉपमधल्या कचऱ्याने माणूस वैतागतो, हे आकडेवारीवरूनही कळलं असतं. पण त्यावर उपाय काढून तो गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायला स्वतःचा गल्ला लागला.

आज हिंजवडीत, ऐरोलीत आपली हजारो मुलं सातासमुद्रापारच्या लोकांसाठी प्रोग्रॅम लिहितात. ज्याच्यासाठी लिहायचं तो बहुतेकांना कधी दिसत नाही. त्यांच्या कंपन्यांनी दुकानं काढावीत असं नाही. पण वर्षातून चार दिवस तरी त्या मुलांना, आपला प्रोग्रॅम जिथे चालतो त्या बँकेच्या किंवा दवाखान्याच्या खिडकीपाशी उभं करावं. स्क्रीनसमोर अडलेला माणूस काय करतो हे जवळून पाहिलेला हात दुसऱ्या दिवशी वेगळं लिहितो, अशी माझी खात्री आहे.