शरदातील दोघांची पहाट

आषाढात नाशिकला सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो. कार्तिकात तो सहाच्या सुमारासच अस्तास जातो. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम पाळणाऱ्या व्यापारी दांपत्याची कसोटी याच दिवसांत लागते, कारण दिवाळीच्या ऐन गर्दीत पेढी सोडून घरी येणे अवघड असते. सायंकाळ दुकानाची झाली, तरी पहाट दोघांची राहू शकते. पाऊस सरलेला असतो, हवेत गारवा असतो. गोदापार्कवर कोणी धावावे, कोणी चालावे. पाडव्यानंतर अनेक पेढ्या ज्ञानपंचमीपर्यंत बंद असतात. तेव्हा म्हसरूळचा गजपंथ जोडीने चढावा. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि साधुसाध्वी पायी विहारास निघतात. त्यांची पावले पाहून गृहस्थांनीही हा नियम वर्षभर चालवावा. ताळेबंदात सहवासाचे खाते कोरे राहू नये.