अंडे फलित की वांझ?
अजगराचे फलित अंडे ओळखायला अंधारी खोली आणि बारीक झोताचा एलईडी टॉर्च पुरतो. टॉर्च कवचाला टेकवताच आत गुलाबी उजेड पसरतो आणि लाल रक्तवाहिन्यांचे जाळे दिसते. वांझ अंडे सगळीकडून सारखेच पिवळट दिसते. त्यात एकही शीर नसते. अजगराच्या अंड्यात घालतेवेळीच गर्भ वाढू लागलेला असतो, म्हणून शिरा लवकर दिसतात. पालींच्या अंड्यांसाठी सहसा काही दिवस थांबावे लागते. तपासताना अंडे फिरवू नये, हे सर्वांत महत्त्वाचे. कोंबडीच्या अंड्यासारखे ते उलटसुलट केलेले चालत नाही. गर्भ आतल्या पडद्याला चिकटलेला असतो, अंडे उलटल्यास तो दगावू शकतो. म्हणून वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करतात. शंकास्पद अंडे टाकण्याची घाई करू नये. वांझ असेल तर ते पुढे आक्रसते, त्यावर बुरशी चढते.