३३८९ क्रमांकाचे दार

मस्जिद बंदरला पेढी, भिवंडीत गोदाम आणि हिशेब लिहिणारा माणूस डोंबिवलीला राहणारा. अशा धंद्यात पेढीतला टॅली हा हिशेबाचा प्रोग्रॅम बाहेरून कसा उघडायचा, हा प्रश्न आज ना उद्या निघतोच. त्यावर ‘रिमोट डेस्कटॉप चालू करू’ असे उत्तर मिळते, आणि विचारणारा व सांगणारा दोघेही ते काम अर्ध्या तासाचे समजतात. विंडोजच्या सेटिंगमध्ये एक टिक करायची, राउटरमध्ये एक पोर्ट वळवायचा, झाले. बाकीचे सगळे गैरसमज या एका समजुतीतून फुटतात. अनेकांनी एकाच वेळी वापरायचा रिमोट डेस्कटॉप हा नेटवर्कमध्ये वाढवलेला एक स्वतंत्र सर्व्हर असतो. त्याला स्वतःचे यंत्र लागते, स्वतःचे परवाने लागतात आणि इंटरनेटपासून आडोसा लागतो. या तिन्हींपैकी ज्यावर पैसे वाचवले जातात, नेमके तिथेच पुढे काम अडते.

व्हीपीएन असला म्हणजे वेगळ्या सर्व्हरची गरज नाही, असे पुष्कळांना वाटते. व्हीपीएन घरचा लॅपटॉप ऑफिसच्या नेटवर्कमध्ये आणून सोडतो, एवढेच त्याचे काम. टॅली तेव्हाही घरच्या लॅपटॉपवरच चालते आणि तिचा डेटा ऑफिसातल्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये, फायलींत असतो. एखाद्या पार्टीचे लेजर उघडले, की प्रोग्रॅम त्या फायलींचे तुकडे पुन्हा पुन्हा मागतो, आणि प्रत्येक मागणी ऑफिसपर्यंत जाऊन परत येते. ऑफिसच्या केबलवर ही ये-जा जाणवतही नाही. घरच्या ब्रॉडबँडवर तीच कित्येक पट वेळ खाते, आणि शेकडो मागण्या साचल्या की स्क्रीन गोठल्यासारखी होते. इंटरनेटचा वेग वाढवूनही फारसा फरक पडत नाही, कारण अडचण किती डेटा जातो याची नसून तो किती वेळा जा-ये करतो याची आहे. त्याहून वाईट म्हणजे नोंद अर्धी लिहिली असताना लाइन तुटली, तर डेटाच बिघडू शकतो. रिमोट डेस्कटॉपमध्ये प्रोग्रॅम आणि डेटा दोन्ही ऑफिसातच राहतात. बाहेर जाते ते स्क्रीनवर बदललेले चित्र, आत येतात कीबोर्ड आणि माउसचे इशारे. म्हणून मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही काम निभते. डोंबिवलीत लाइट गेली तरी सर्व्हरवरचे सेशन जिवंत असते, आणि परत जोडल्यावर अर्धवट व्हाउचर जसेच्या तसे समोर येते. ही सोय खरी आहे आणि छोट्या धंद्याला ती मिळायलाच हवी.

ती फुकटात मिळते, ही समजूत मात्र खोटी. विंडोज १० किंवा ११ च्या प्रो आवृत्तीत रिमोट डेस्कटॉप असतो, पण एका वेळी एकाच माणसासाठी. बाहेरचा आत आला की समोर बसलेल्याची स्क्रीन लॉक होते. होम आवृत्तीवर तर बाहेरून असे येताच येत नाही. विंडोजची अंतर्गत फाइल बदलून तिथे चार-पाच जणांना एकदम बसवून देणारे तंत्रज्ञ गल्लोगल्ली आहेत. तो परवान्याचा भंग तर आहेच, शिवाय विंडोजचा पुढचा अपडेट आला की ती फाइल बदलते आणि जुगाड बंद पडतो. मग तंत्रज्ञ अपडेटच बंद करून ठेवतो, आणि बाहेरून पोहोचता येणारे यंत्र सुरक्षेच्या दुरुस्त्यांवाचून महिनोन् महिने उघडे राहते. विंडोज सर्व्हर घेतला तरी प्रश्न आपोआप सुटत नाही. त्यात वेगळ्या परवान्याशिवाय दोन जण एकाच वेळी आत येऊ शकतात, पण ती मुभा सर्व्हरच्या देखभालीपुरती आहे. रोजच्या कामाला ती वापरली, की एक धोका नकळत येतो. मूळ रचनेत ही वाट फक्त अ‍ॅडमिनिस्ट्रेटरांसाठी खुली असल्याने हिशेबनिसालाही अ‍ॅडमिन करून टाकले जाते. मग त्याने मेलमधले एक चुकीचे अटॅचमेंट उघडले, तर ते सर्व्हरच्या पूर्ण अधिकारानिशी चालते.

सरळ मार्ग असा, की सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेसचा सेशन होस्ट हा भाग बसवायचा आणि त्याचे परवाने घ्यायचे. त्यांना कॅल म्हणतात. ते विंडोज सर्व्हरच्या साध्या कॅलव्यतिरिक्त, वर घ्यावे लागतात, आणि कोटेशनमध्ये नेमकी हीच ओळ गळलेली असते. सेशन होस्ट पहिले १२० दिवस परवान्याविना चालतो, म्हणून सुरुवातीला कोणाच्या लक्षात येत नाही. चार महिन्यांनी एका सकाळी कोणालाच आत जाता येत नाही, तेव्हा धावाधाव होते. परवाने माणशी मिळतात किंवा यंत्रामागे. दोन पाळ्यांत एकाच संगणकावर चार जण बसत असतील तर यंत्रामागचे परवडतात. एकच माणूस ऑफिस, घर आणि लॅपटॉप अशा तीन ठिकाणांहून येत असेल तर माणशी. इथे एक बारीक खाच आहे. डोमेन नसलेल्या, म्हणजे साध्या वर्कग्रुपच्या ऑफिसात माणशी कॅल लावले, तर विंडोज सर्व्हर २०१९ पासून साठ मिनिटांनी सेशन तुटेल असा इशारा येतो आणि ते खरोखर तुटते. तिथे यंत्रामागचे कॅल तरी घ्यावेत, नाहीतर डोमेन तरी उभारावे. ऑर्डर देण्यापूर्वी विक्रेत्याला हा प्रश्न विचारावाच.

‘आपल्याकडे एक सर्व्हर आहेच, त्यावरच हेही बसवा’ हे वाक्य वरकरणी शहाणपणाचे वाटते. पण छोट्या ऑफिसातला तो एकमेव सर्व्हर बहुधा डोमेन कंट्रोलर असतो, म्हणजे सगळ्यांची खाती, पासवर्ड आणि अधिकार त्याच्याकडे असतात. त्याच यंत्रावर दहा जणांनी ब्राउझर, मेल आणि एक्सेल उघडायचे, म्हणजे तिजोरीच्या खोलीतच दुकानाचा गल्ला मांडण्यासारखे आहे. एकाच्या सेशनमधून घुसलेला त्रास थेट सगळ्यांच्या चाव्यांपर्यंत पोहोचतो. मायक्रोसॉफ्टने स्वतः छोट्या धंद्यांसाठी काढलेल्या आवृत्त्यांत हे मिश्रण टाळले आहे. स्मॉल बिझनेस सर्व्हर २००३ वर टर्मिनल सर्व्हर चालवता येत नसे. तो हवा तर दुसरा सर्व्हर जोडावा लागे. नंतरच्या, २५ माणसे आणि ५० यंत्रांपुरत्या असलेल्या इसेन्शियल्स आवृत्तीतही सेशन होस्टला जागा नव्हती. वेगळे यंत्र म्हणजे वेगळा डबाच हवा असे नाही. एकाच दणकट सर्व्हरवर हायपर-व्ही वापरून दोन आभासी सर्व्हर करता येतात, आणि विंडोज सर्व्हरच्या एका स्टँडर्ड परवान्यात, सगळे कोअर मोजून घेतलेले असतील तर, अशा दोघांना मुभा आहे. म्हणजे खर्चाची सबब इथे फारशी टिकत नाही.

आता सर्वांत घातक समजूत: आपल्या एवढ्याशा पेढीवर कोण हल्ला करणार? हल्ला करणाऱ्याला पेढी कोणाची हे ठाऊकही नसते. रिमोट डेस्कटॉप ३३८९ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकतो. इंटरनेटवरचे पत्ते ओळीने तपासत हे दार कुठे उघडे आहे ते शोधणारे प्रोग्रॅम चोवीस तास चालू असतात. सापडले की ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’, ‘टॅली’, ‘अकाउंट्स’ अशी नावे आणि नेहमीचे पासवर्ड आपोआप घालून पाहिले जातात. सॅमसॅम, क्रायसिस, फोबोस या खंडणीखोर प्रोग्रॅमांच्या टोळ्या याच वाटेने आत शिरत. सॅमसॅमने रिमोट डेस्कटॉपचा वापर कसा केला, याचा इशारा अमेरिकी यंत्रणांनी २०१८ मध्ये जाहीरपणे दिला होता. पोर्टचा क्रमांक बदलला की सुटलो, असे काही तंत्रज्ञ सांगतात. त्याने लॉगमधला गोंगाट कमी होतो, संरक्षण होत नाही, कारण शोधणारे सगळेच पोर्ट तपासतात आणि पलीकडून मिळणाऱ्या उत्तरावरून रिमोट डेस्कटॉप ओळखू येतो. पासवर्ड मजबूत आहे, हेही पुरेसे उत्तर नाही. मे २०१९ मध्ये उघड झालेल्या ब्लूकीप या त्रुटीत पासवर्डची गरजच नव्हती. ती इतकी गंभीर होती, की मदत केव्हाच संपलेल्या विंडोज एक्सपी आणि सर्व्हर २००३ साठीही मायक्रोसॉफ्टला दुरुस्ती काढावी लागली. आणि अँटिव्हायरस? अ‍ॅडमिनचा पासवर्ड हाती लागलेला माणूस आत येऊन बहुतेक वेळा आधी तोच बंद करतो.

म्हणून हा पोर्ट राउटरवरून थेट इंटरनेटला कधीच उघडू नये, यात मला कोणताही अपवाद मान्य नाही. बाहेरून येणाऱ्याने आधी व्हीपीएनमध्ये यावे आणि मग रिमोट डेस्कटॉपला जोडावे, किंवा एचटीटीपीएसवरून चालणारा रिमोट डेस्कटॉप गेटवे मध्ये ठेवावा. दोन्हींत पासवर्डखेरीज मोबाइलवरची दुसरी ओळख सक्तीची करावी. वर ज्या व्हीपीएनला मी अपुरा म्हटले, तो इथे आपल्या खऱ्या कामाला येतो: डेटा ओढायला नव्हे, रस्ता झाकायला. यावर आक्षेप येतो, की गेटवे आणि व्हीपीएनच्या उपकरणांतही त्रुटी निघतात. निघतात खऱ्याच. जानेवारी २०२० मध्ये खुद्द रिमोट डेस्कटॉप गेटवेच्याच दोन गंभीर त्रुटींवर दुरुस्ती आली. पण यातून अपडेट वेळेवर करण्याची गरज सिद्ध होते, दार उघडे टाकण्याची नव्हे. दुसरी अडचण आपल्याकडची आहे. बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो, त्यामुळे बाहेरून व्हीपीएन जोडता येत नाही. सेवा देणाऱ्या कंपनीकडून स्थिर आयपी मागून घ्यावा. दुर्दैवाने काही घडलेच, तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी तिला सहा तासांत कळवायचे असते आणि १८० दिवसांचे लॉग जपायचे असतात, हेही लक्षात ठेवावे.

रोजच्या वापरातले गैरसमज लहान असले तरी त्रास तेच जास्त देतात. खिडकीच्या कोपऱ्यातली फुली दाबली म्हणजे लॉगऑफ झाले, असे नाही. सेशन तसेच चालू राहते, रॅम खाते आणि कंपनीची फाइल उघडी धरून बसते. मग रात्रीचा बॅकअप अडतो. ठरावीक वेळाने तुटलेली सेशन बंद होतील अशी मर्यादा घालून द्यावी. डिजिटल स्वाक्षरीचा यूएसबी टोकन सर्व्हरला खोचून ठेवला की सगळ्यांना वापरता येईल, हीही चूक. रिमोट सेशनला सर्व्हरवरचा टोकन दिसत नाही, आपल्या समोरच्या लॅपटॉपला लावलेला दिसतो. मराठी फॉन्ट मात्र सर्व्हरवरच हवेत, कारण अक्षरे तिथे रेखाटली जातात. आणि डिस्कची जोडी लावली म्हणजे बॅकअप झाला, हे मनातून काढून टाकावे. खंडणीखोराने फायली कुलूपबंद केल्या, की दोन्ही डिस्कवर त्या क्षणार्धात तशाच होतात. सर्व्हरपासून वेगळी, जोडून न ठेवलेली प्रत हवीच. कंपनी कायद्याखालच्या नियमांनी इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवणे ऑगस्ट २०२२ पासून बंधनकारक केले आहे, तेव्हा कंपन्यांना हा ऐच्छिक विषय उरलेलाच नाही.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा क्लाउडवर भाड्याने सर्व्हर घ्यावा, हा आक्षेप रास्त आहे. ऑफिसात लाइटचा भरवसा नसेल आणि देखभालीला माणूस नसेल, तर ते बरेही पडते. फक्त तिथेही परवाने लागतात आणि तिथेही ३३८९ उघडे ठेवले तर तोच धोका आहे. यंत्राची जागा बदलली तरी जबाबदारी आपलीच. एकट्या मालकालाच अधूनमधून आपला ऑफिसचा संगणक पाहायचा असेल, तर सर्व्हर नकोच. प्रो आवृत्ती आणि व्हीपीएन त्याला पुरतात. तीन-चार जण रोज बाहेरून काम करणार असतील, तर मात्र वेगळा सर्व्हर, रीतसर कॅल आणि झाकलेला रस्ता यांवाचून सुरुवात करू नये. ज्यांच्याकडे हे आधीच चालू आहे, त्यांनी आज राउटरमधले पोर्ट फॉरवर्डिंगचे पान उघडून पाहावे. तिथे सर्व्हरच्या ३३८९ कडे जाणारी नोंद असेल, तर बाहेरचा क्रमांक कोणताही असो, व्हीपीएन लागेपर्यंत दोन दिवस काम थांबले तरी चालेल, पण ती नोंद आधी काढून टाकावी.