सावलीचे पिशाच कसे घडवावे

भूमिका घेऊन खेळावयाचा एक खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हे त्याचे नाव. मेजाभोवती बसलेली चार-पाच माणसे एकेका पात्राची भूमिका घेतात आणि एक जण सूत्रधार होऊन त्यांच्यापुढे प्रसंग उभे करतो. ‘मी दार ढकलतो’ असे खेळाडूने म्हणावे, ते उघडले की नाही हे फाशांनी ठरवावे आणि आत काय दिसले ते सूत्रधाराने सांगावे, असा हा प्रकार आहे. बैठकीमागून बैठक चालणाऱ्या सलग कथेस ‘मोहीम’ म्हणतात. हा खेळ आता आपल्याकडील विद्यार्थ्यांच्याही हाती आला आहे. तो मराठीत खेळावयाचा म्हटले की पहिली अडचण येते ती भाषेची, आणि पिशाचांपाशी ती सर्वांत अधिक जाणवते.

मरूनही न सुटलेल्या अशा सर्व जीवांना या खेळात ‘अनडेड’ ही एकच संज्ञा आहे. तिचा शब्दशः अर्थ ‘न मेलेला’. संस्कृतात त्याचे रूपांतर करू गेल्यास ‘अमृत’ होते, आणि अभिप्रेत अर्थाच्या नेमके उलट टोक हाती येते! ‘प्रेत’ म्हणावे तर मराठीत त्याचा अर्थ निव्वळ कलेवर. उरतो तो आपला नित्याचा शब्द ‘भूत’. भूत म्हणजे होऊन गेलेले. भूतकाळातील भूत ते हेच. जे होऊन गेले, परंतु संपले नाही, ते भूत. आमच्या मते पिशाचरचनेचे सारे मर्म या एका शब्दात साठविलेले आहे.

मूळ खेळातील सावलीचे पिशाच प्रथम पाहू. इंग्रजीत त्याचे नाव ‘शॅडो’. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या ग्रंथात त्याची गणना अनडेडांत केली आहे. त्याच्या स्पर्शाने माणसाची शक्ती ओसरते, आणि ती शून्यावर आली की तो माणूस स्वतःच सावली होतो. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत दर आघाताला चार पैलूंच्या फाशावर पडेल तितकी शक्ती कमी होते. म्हणजे सरासरी अडीच. शक्तीचा आकडा १० असलेला माणूस चार आघातांत संपतो. या खेळात प्राणबळाचा आकडा निराळा असतो, तो कितीही मोठा असला तरी येथे उपयोगी पडत नाही. या पिशाचाच्या भीतीचे कारण हेच आहे. ते नुसती जखम करून थांबत नाही. ज्या बळावर खेळाडूने आजवर भिस्त ठेवली ते बळच कागदावरून पुसून टाकते. उन्हात मात्र त्याचे आघात दुबळे पडतात.

ही रचना चांगली आहे. परंतु तिच्यात एक उणीव आहे. ही सावली कोणाची, ती का उरली, याचे उत्तर नियमांत फारसे सापडत नाही. म्हणून ती कोणत्याही तळघरात ठेवता येते आणि कोठलीच वाटत नाही. आपल्या लोकसमजुतीतील भुतांचे तसे नाही. मुंज झाली, पण सोडमुंज होण्यापूर्वी जो वारला तो मुंजा, आणि त्याचे स्थान पिंपळ. ज्याचे उत्तरकार्य करावयास कोणी उरले नाही तो समंध. नाव उच्चारताच कारण कळते आणि कारणावरून स्वभाव कळतो. सूत्रधाराने उचलावयाची आहे ती ही रीत. भुते मात्र जशीच्या तशी उचलू नयेत. एक तर वेताळ आणि देवचार यांस गोव्यात आजही श्रद्धेने पूजिले जाते. ज्याला शेजारी नारळ ठेवतो त्याला शिकार म्हणून मेजावर मांडणे उचित नव्हे. दुसरे असे की, बाळंतपणात दगावलेल्या स्त्रीलाच हडळ ठरविणारी समजूत दुःख भोगणाऱ्यावरच दोष लादते. नव्या रचनेत तो अन्याय पुन्हा करण्याचे कारण नाही.

सावलीविषयी आपल्या वाङ्मयात कल्पनांची वाण नाही. नलोपाख्यानात दमयंतीपुढे नळाच्या रूपाने देव उभे राहतात. त्यांची पापणी लवत नाही, पाय भुईला टेकत नाहीत आणि त्यांना सावली नसते. सावली पडते तो माणूस. रामायणात सिंहिका राक्षसी समुद्रावरून उडणाऱ्या मारुतीची सावली धरते, तोच त्याची गती खुंटते. म्हणजे सावली धरली की देहही धरला जातो. डॅनिश लेखक हान्स अँडरसन याच्या १८४७ च्या एका कथेत तर सावलीच मालकाची जागा बळकावते आणि अखेर त्याचा प्राण घेते. भाषेकडे पाहिले तर ‘सावली’ हा आधाराचा शब्द आहे, ‘पडछाया’ हा तटस्थ, आणि ‘सावट’ हा अशुभाचा. दुष्काळाचे सावट असते, आईची सावली असते. इतके शब्द हाताशी असता ‘शॅडो’चे नुसते भाषांतर करून थांबणे म्हणजे भरल्या घरात उपाशी राहणे होय.

नवे पिशाच रचताना चार प्रश्न क्रमाने विचारावेत असे आम्ही सुचवितो. काय अपुरे राहिले? ते पिशाच काय हिरावून घेते? कोणत्या खुणेने ओळखू येते? आणि कशाने शांत होते? दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यातून निघाले पाहिजे. उत्तरे सुटी राहिली तर पिशाच नव्हे, नुसती यादी तयार होते.

उदाहरणादाखल आम्ही एक रचून दाखवितो. त्याचे नाव ‘बुडख्याची सावली’. एका वाटेवर जुना वड होता आणि त्याखाली एक म्हातारा पाणपोई चालवीत असे. लाकडाच्या लोभाने गावच्या मुख्याने एका रात्री तो वड तोडविला. ऐन वैशाखात म्हातारा आपले रांजण घेऊन बुडख्यापाशी बसून राहिला आणि उन्हाने मेला. त्याचे काम अपुरे राहिले. म्हणून त्याची सावली वडाच्या आकाराने तेथे पसरली. ती दुष्ट नाही. वाटसरूला गारवा द्यावा एवढीच तिची इच्छा आहे. परंतु तिच्याजवळ पाने नाहीत, पाणी नाही. तो गारवा ती बसणाऱ्याच्याच देहातून काढते.

यावरून नियम आपोआप ठरतात. पहिल्या घटकेस शक्तीचा एक आकडा जातो, दुसरीस दोन, तिसरीस तीन, चौथीस चार. शक्ती १० असलेला माणूस चार घटकांत, म्हणजे शहाण्णव मिनिटांत संपतो. शक्ती जसजशी ओसरते तसतसे उठावयासाठी फाशावर अधिक मोठे दान पडावे लागते. मेलेल्याची सावली त्या सावलीत एक नवी फांदी होऊन मिसळते. म्हणून फांद्या मोजणाऱ्यास बळींची संख्या कळते. खुणा आणखी दोन: सूर्य ढळला तरी ही सावली सरकत नाही, आणि तिच्यावर पाखरू उतरत नाही. ती उन्हाला भीत नाही. ऊन हेच तिचे आमिष आहे. रात्री किंवा ढगाळ दिवशी तलवारी परजून गेलेल्यांना तेथे केवळ बुडखा सापडेल.

तिची शांती कशी व्हावी? कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या दरम्यानच्या प्रत्येक स्थळी वर्षातून दोन दिवस सूर्य माध्यान्ही अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच लोपते. यास शून्य सावलीचा दिवस म्हणतात. त्या क्षणी बुडख्याची सावलीही आकसते. तेवढ्यात तेथे वडाचे रोप लावून भरलेला रांजण ठेवला की म्हाताऱ्याचे काम पुढे चालू राहते आणि तो सुटतो. हा दिवस पणजी-बेळगावकडे मेच्या आरंभी, हैदराबादेस मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि बडोदे-इंदुरास जूनच्या पूर्वार्धात येतो. दुसरी संधी जुलै-ऑगस्टात असते, परंतु तेव्हा आभाळ बहुधा भरलेले. ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या उत्तरेस असल्याने तेथे हा दिवस कधीच येत नाही. तेथल्या सूत्रधाराला मुक्तीची दुसरी वाट शोधावी लागेल. कदाचित वड तोडविणाऱ्या मुख्याच्या वंशजाला भर दुपारी त्या बुडख्यापाशी आणून सत्य वदवावे लागेल.

अशा खेळाने अंधश्रद्धा वाढेल, अशी शंका काही शिक्षकांस येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्याने भुताचे कारण स्वतः रचले, त्याचे नियम आकड्यांत बांधले आणि त्याच्या मुक्तीसाठी सूर्याची गती तपासली, तो विद्यार्थी भुताला भिण्यापेक्षा भूत कोणी निर्माण केले हे विचारू लागेल. वर्गात एका तासापुरता हा प्रयोग करून पाहावा. प्रत्येकाने आपल्या गावात अपुरी राहिलेली एक गोष्ट निवडावी आणि तिची सावली वरील चार प्रश्नांच्या आधारे अर्ध्या पानात लिहावी. नाव मराठीच असावे, आणि शांतीचा उपाय तलवारीवाचून साधणारा असावा, एवढ्या दोनच अटी पुरेत.