कंपनीच्या गेटवरच्या हिरवळीत फुलपाखरं का दिसत नाहीत? उत्तर आहे चित्रक

पुणे-नाशिक हायवेने भोसरी, मोशी करत चाकणकडे निघालात की कंपन्यांची गेटं सुरू होतात. बहुतेक गेटांसमोर एकच देखावा. लॉनचा एक तुकडा आणि त्याच्या कडेने टेबलासारखं सपाट कापलेलं पिवळट-हिरवं झुडूप. हा ड्युरांटा. मूळचा अमेरिकेतला. स्वस्त मिळतो, कसाही कापला तरी फुटतो, म्हणून सोसायट्यांच्या कुंपणापासून डिव्हायडरपर्यंत सगळीकडे तोच लावतात.

पुढच्या वेळी शिफ्ट सुटल्यावर चहा घेताना दोन मिनिटं त्याच्याकडे बघा. त्याच्यावर फार काही हलताना दिसणार नाही. सारखी कात्री चालत असल्याने त्याला फुलं येत नाहीत. आणि आपल्याकडच्या बहुतेक फुलपाखरांच्या अळ्या त्याची पानं खात नाहीत.

आता अळीचं काय मध्येच? तर तुमच्या घरच्या कढीपत्त्यावर हिरवी गुबगुबीत अळी कधीतरी आलीच असेल. बऱ्याचदा ती कॉमन मॉरमॉन नावाच्या फुलपाखराची असते. तिला कढीपत्ता, लिंबू याच कुळातली झाडं लागतात. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेलं नीलवंतही लिंबाच्याच कुळावर वाढतं. मोठं फुलपाखरू कुठल्याही फुलावर मध प्यायला बसेल, पण अंडी घालताना अळीला खाता येईल असंच झाड शोधतं. ते झाड नसेल तर पुढची पिढी नाही. सोप्पा हिशोब आहे.

ड्युरांटाच्या जागी लावता येईल असं आपल्याकडचं झुडूप म्हणजे पांढरा चित्रक. शास्त्रीय नाव प्लंबॅगो झेलॅनिका. चित्रकादी वटीतला चित्रक तो हाच. कमरेएवढा वाढतो, फांद्या सरळ उभ्या न राहता आडव्या पसरतात आणि हळूहळू जमीन झाकून टाकतात. फुलं पांढरीशुभ्र, पाच पाकळ्यांची, खाली बारीक नळी. थोडीफार वर्षभर येतात, पण खरा बहर पावसाळ्यानंतर आणि हिवाळ्यात. विशेष म्हणजे तो मोठ्या झाडांच्या अर्धसावलीत चांगला वाढतो. म्हणजे जिथं लॉन पिवळी पडून माती उघडी पडते, नेमकी तिथं.

या चित्रकावर येतं झेब्रा ब्ल्यू. जेमतेम इंचभर फुलपाखरू, पंख मिटले की खालच्या बाजूला झेब्र्यासारखे पट्टे. मादी कळ्यांच्या गुच्छात अंडी घालते आणि अळी कळ्या-फुलं खाऊन वाढते. गंमत म्हणजे चित्रकाच्या फुलाखालच्या भागावर चिकट ग्रंथी असतात, त्यात बारीक किडे अडकून पडतात. झेब्रा ब्ल्यूच्या अळीचं मात्र तिथं मस्त चालतं.

नर्सरीत नुसतं 'प्लंबॅगो द्या' म्हणालात तर बहुतेक वेळा निळ्या फुलांचं रोप हातात पडेल. ते दक्षिण आफ्रिकेतलं. खोटं कशाला बोला, झेब्रा ब्ल्यू त्याच्यावरही अंडी घालतं. पण निळ्याला भरपूर ऊन लागतं, सावलीत तो फुलायला कुरकुर करतो. म्हणून 'पांढरा चित्रक' असं स्पष्ट मागा. औषधी रोपं ठेवणाऱ्या नर्सरीत मिळण्याची शक्यता जास्त. डोंगरावरून मुळासकट उपटून आणू नका.

पाण्याचा मुद्दाही आहेच. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या अखेरीस दिवसाआड पाणी सुरू झालं. अशा शहरात लॉनवर पाइप सोडून ठेवणं शोभत नाही. चित्रकाला पहिलं वर्षभर नियमित पाणी द्या, एकदा मूळ धरलं की उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा-दोनदा पुरतं. अजिबातच दिलं नाही तर एप्रिल-मेमध्ये पानं विरळ होतात, पण पावसाबरोबर पुन्हा फुटतो.

लावायचा कसा? जून-जुलैमध्ये तीन-चार पेरांची जून फांदी कापून कुंडीत लावा, मुळं फुटली की जमिनीत. दोन रोपांत दीड-दोन फूट अंतर ठेवा. आपल्याकडची मुरमाड जमीन चालते, खड्ड्यात थोडं शेणखत मिसळा. पाणी साचणारी जागा मात्र नको, मुळं कुजतात. फूटपाथला अगदी चिकटूनही लावू नका, कारण याची फळं कपड्यांना आणि कुत्र्यांच्या केसांना चिकटतात. बी असंच गावभर फिरतं.

एक गोष्ट गंभीरपणे घ्या. चित्रकाच्या मुळात प्लंबॅजिन नावाचं द्रव्य असतं. ताज्या मुळाचा रस कातडीला लागला तर फोड येतात, पोटात गेलं तर विषबाधा होऊ शकते, गर्भवतींसाठी तर फारच धोक्याचं. आयुर्वेदातही मूळ शुद्ध करूनच वापरतात. म्हणून घरच्या घरी औषध करायच्या फंदात पडू नका, मूळ हाताळताना हातमोजे घाला आणि लहान मुलं माती उकरतात त्या कोपऱ्यात हे झुडूप लावू नका.

आणि सोसायटीच्या किंवा कंपनीच्या माळीकाकांशी आधीच बोलून ठेवा. त्यांना दर पंधरा दिवसांनी कडा सरळ करायची सवय असते, आणि कळ्यांनी भरलेला चित्रक त्यांना नुसता 'वाढलेला' दिसतो. कात्री लागली की कळ्यांबरोबर अंडी आणि अळ्याही कचऱ्यात जातात. कीटकनाशकाची फवारणीही या पट्ट्यात नको. छाटणी वर्षातून एकदाच, मेच्या शेवटी, पावसाच्या तोंडावर करायला सांगा. तीही अर्ध्या झुडपांची. उरलेली अर्धी पुढच्या वर्षी.