आधी धुके विरू द्या!

नाताळच्या सुटीत रायपूरहून नागपूरला माहेरी जायचे, तर पहाटेच गाडी काढण्याचा मोह होतो. रस्ता जवळपास 300 किलोमीटरचा. पण तेव्हा शेतांवर धुके असते आणि हाच धानखरेदीचा हंगाम! धानाने लादलेली ट्रॅक्टर-ट्रॉली, बहुधा मागे दिवा नसलेली, संथपणे पुढे चाललेली असते. ताशी 80 किलोमीटर वेगाने मोटार सेकंदाला 22 मीटर कापते; ब्रेकवर पाय जाईपर्यंतच तेवढे अंतर संपते. भरलेल्या ट्रकला थांबायला आणखी जागा लागते, म्हणून ओव्हरटेक करून लगेच त्याच्यापुढे घुसू नये. सर्वांत हाल दुचाकीवाल्याचे: हेल्मेटची काच धूसर, बोटे गारठलेली. हेडलाइटचा झोत खालीच ठेवावा. वरचा झोत धुक्यावरून उलटून डोळ्यांवर येतो. त्यापेक्षा नऊला निघावे. उशीर झाला, तरी आई जेवायची थांबतेच!