वैमानिक प्रशिक्षणाचा खर्च: गैरसमज आणि वस्तुस्थिती

भारतात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, म्हणजे सीपीएल, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए) देते. त्यासाठी किमान 200 तासांचे उड्डाण लागते. त्यातले 100 तास पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेऊन, पूर्ण करावे लागतात. माहितीपत्रकातली फी मुख्यतः या 200 तासांची असते आणि ती साधारण 40 ते 60 लाखांच्या घरात जाते. हाच एकूण खर्च, हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. वसतिगृह, मेस, परीक्षा शुल्क, वैद्यकीय तपासण्या आणि जमली नाहीत म्हणून पुन्हा करावी लागणारी उड्डाणे यांचा हिशेब बहुधा वेगळा असतो. दोन इंजिनांच्या विमानावरचे तास आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग फीमध्ये धरले आहेत का, हेही तपासावे लागते.

परवाना हाती आला की एअरलाइनची नोकरी पक्की, असेही अनेक घरांत गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात सेसना 172 सारख्या छोट्या विमानावर शिकलेल्या उमेदवाराला एअरबस ए320 किंवा बोइंग 737 चालवण्यासाठी त्या विमानाचे टाइप रेटिंग घ्यावे लागते. त्याचा खर्च साधारण 15 ते 25 लाख. कंपनीची लेखी परीक्षा, सिम्युलेटर चाचणी आणि मुलाखत याहून निराळी, आणि भरती कधी निघेल हे विद्यार्थ्याच्या हातात नसते.

अंदाजपत्रक खऱ्या अर्थाने कोलमडते ते विलंबाने. महिन्याला 20 तास उड्डाण मिळाले तर 200 तास दहा महिन्यांत होतात. 8 तासच मिळाले तर पंचवीस महिने लागतात. 50 लाखांच्या कर्जावर 10 टक्के दराने वर्षाला सुमारे 5 लाख व्याज चढते आणि शिकत असताना हप्ता भरायचा नसला तरी ते थांबत नाही. राहण्याजेवणाचा खर्चही चालूच. शिवाय परवान्यासाठीच्या काही उड्डाण चाचण्यांना मुदत असते. ती उलटली की पुन्हा विमानाच्या तासांचे पैसे मोजावे लागतात. म्हणून फीमधल्या दोन-तीन लाखांच्या फरकापेक्षा उडण्याजोगी विमाने किती, इन्स्ट्रक्टर किती आणि विद्यार्थी किती, हे विचारणे जास्त उपयोगाचे. हँगरमध्ये दहा विमाने दिसली तरी त्यांतली चार सुट्या भागांची वाट पाहत उभी असू शकतात.

हवामानही पैशातच मोजावे लागते. गोंदिया, बारामती, शिरपूर अशा महाराष्ट्रातल्या प्रशिक्षण केंद्रांवर पावसाळ्यात उड्डाणाचे बरेच दिवस वाया जातात. उत्तर प्रदेशातल्या फुरसतगंजला हिवाळ्यातले धुके आडवे येते. फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी सरकारी आहे, पण म्हणून तिथली फी एखाद्या शासकीय महाविद्यालयासारखी नाही. तीही लाखांतच, आणि प्रवेश स्पर्धा परीक्षेतून.

परदेशात प्रशिक्षण स्वस्त आणि झटपट होते, हे अर्धसत्य आहे. अमेरिका किंवा दक्षिण आफ्रिकेत विमाने आणि मोकळे हवामान मुबलक असल्याने तास लवकर भरतात. मात्र रुपया घसरला की खर्च वाढतो, आणि तो परवाना भारतात तसाच चालत नाही. तो बदलून घेण्यासाठी डीजीसीएच्या परीक्षा, वैद्यकीय तपासणी आणि उड्डाण चाचणी लागते. तिथे केलेले तास भारतीय नियमांत बसतात का, हे निघण्यापूर्वीच पाहायला हवे.

चष्मा असला की वैमानिक होता येत नाही, ही समजूत मात्र साफ चुकीची. चष्म्याने दृष्टी ठरलेल्या निकषात येत असेल तर परवाना मिळतो. रंगांधळेपणासारख्या दोषांनी अडू शकतो. सीपीएलसाठी वर्ग 1 ची वैद्यकीय तपासणी अनिवार्य असते. ती फी भरण्याआधी करून घेतली, तर अपात्रता लाखो रुपये गेल्यावर कळत नाही.

प्रशिक्षण संस्थांची क्रमवारी डीजीसीएने 2025 मध्ये सुरू केली. ती जरूर पाहावी, पण आपल्या वर्षीच्या तुकडीला महिन्याला किती तास मिळाले, हे तिथल्या विद्यार्थ्यांकडूनच कळते. एकरकमी फीवर सवलत मिळते म्हणून सगळे पैसे आगाऊ भरणे शहाणपणाचे नव्हे. हप्ते प्रत्यक्ष उडालेल्या तासांना बांधलेले असावेत, आणि मध्येच संस्था सोडल्यास न वापरलेल्या तासांचे पैसे किती दिवसांत परत मिळतील, हे करारात लिहून घ्यावे.